प्रोस्टेटची तपासणी: घरून निघण्यापासून पुढची तारीख लिहीपर्यंत

पीएसए नावाची रक्ततपासणी आता तालुक्याच्या लॅबमध्येही होते. गडबड होते ती तिच्या आगेमागे. एकजण लघवीची नळी लावलेली असतानाच रक्त देतो आणि आकडा पाहून घरात रडारड सुरू होते. दुसरा पोटाच्या सोनोग्राफीचा कागद पुढे करतो नि म्हणतो, "यात तं सारं नॉर्मल हाय." तिसऱ्याचा आकडा दोन वर्षांपूर्वीच वाढलेला असतो, पण तो कागद सातबाऱ्याच्या फाइलीत राहतो आणि माणूस कंबरेला तेल चोळून घेत राहतो. मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्यसेवक म्हणून बरीच वर्षं गावोगाव फिरलो. ही तिन्ही माणसं माझ्या ओळखीची आहेत. तिसऱ्याला आम्ही दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या पायातली ताकद गेलेली होती. म्हणून हा लेख.

आधी एवढं समजून घ्या. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली, शरीरातल्या लघवीच्या मार्गाभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढलं की बहुतेकांची ती फुगते आणि ते फुगणं म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, त्या मार्गापासून लांब सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला धार अडत नाही, दुखत नाही, रक्तही जात नाही. "मले काई होत नाई, काहून जावं दवाखान्यात?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला असेल. काही होत नसतानाच जायचं असतं. काही व्हायला लागतं तेव्हा अनेकदा आजार हाडापर्यंत गेलेला असतो.

## पायरी १: तपासणी आपल्यासाठी आहे का, हे घरीच ठरवा

वयाचा हिशोब असा धरा.

वय ५० ते ६९ आणि तब्येत बरी असेल तर डॉक्टरांशी बोलून पहिली पीएसए करा. वडील किंवा सख्खा भाऊ यांपैकी कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर ५० ची वाट पाहू नका, ४५ ला करा. घरात असे दोघं-तिघं असतील, किंवा कमी वयात झाला असेल, तर ४० ला. सत्तरी ओलांडलेल्या आणि काहीच त्रास नसलेल्या माणसाची सरसकट पीएसए करण्यात फायद्यापेक्षा त्रासच जास्त होतो, कारण हा आजार अनेकदा इतका हळू वाढतो की त्या वयात तो माणसाच्या आयुष्यात आडवा येतच नाही.

हे वय त्रास नसलेल्यांसाठी. लघवीला त्रास असेल, रक्त जात असेल, तर ४२ असो की ८२, डॉक्टरांकडे जायचंच.

आता खरं सांगतो, कारण हे कुणी आधी सांगत नाही. या तपासणीला दुसरी बाजूही आहे. कधी कधी असा कॅन्सर सापडतो जो कधीच त्रास देणार नव्हता, आणि त्याच्यामागे ऑपरेशन झालं तर लघवी न थांबणं, लैंगिक कमजोरी असे त्रास मागे लागू शकतात. युरोपातल्या एका फार मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तपासणीला बोलावलेल्या दर ४५६ पुरुषांमागे एकाचा प्रोस्टेट कॅन्सरने होणारा मृत्यू टळला. हा आकडा लहान वाटेल कुणाला. पण मी जे पाहिलेत ते बहुतेक जण आजार हाडात उतरल्यावरच आले, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी मी विचारलं तेव्हा आधी कधी पीएसए झालेली नव्हती, किंवा झाली होती आणि कुणी वाचली नव्हती. माझं मत विचाराल तर पन्नाशीत एकदा करावी. पण "आकडा वाढला तर पुढे जायची तयारी आहे का?" याचं उत्तर रक्त देण्याआधी द्या, घरी बायको-मुलांसमोर द्या.

लक्षात ठेवा: गावात आशाताई ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा जो फॉर्म भरतात आणि जी तपासणी होते, त्यात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर येतो. प्रोस्टेट त्यात येत नाही. "आमची कॅन्सरची तपासणी झाली" असं म्हणून थांबू नका. यासाठी तुम्हाला कुणी बोलवायला येणार नाही, स्वतः मागावी लागते.

## पायरी २: नातेवाइकांत चौकशी करा, बायकांच्या बाजूचीही

"घरात कुणाला कॅन्सर होता का?" असं विचारलं की लगेच "नाही" येतं. प्रश्न बदलून विचारा. कुणाला म्हातारपणी लघवीची नळी लावून फिरावं लागलं? कुणी कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळून गेलं? कुणाच्या अंडाचं ऑपरेशन "कॅन्सरसाठी" म्हणून झालं होतं? मागच्या पिढीत आजाराचं नाव घरात कुणी उच्चारत नसे, खुणाच तेवढ्या राहतात.

आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही लिहून न्या. काही घराण्यांत एकच जनुकीय दोष दोन्हीकडे उतरतो. पुरुषांच्या आजाराशी बायकांच्या आजाराचा काय संबंध, असं वाटून लोक हे सांगतच नाहीत.

## पायरी ३: दिवस नीट निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबतो.

माझे मोठे काका. रात्री लघवी बंद झाली, पोट फुगलं, पहाटे दवाखान्यात नळी टाकली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सगळ्या तपासण्यांसोबत पीएसएही लिहिली. आकडा आला १८, आणि लॅबच्या कागदावर मर्यादा असते ४ ची. कुणी समजावून सांगितलं नाही, "मोठ्या दवाखान्यात दाखवा" एवढंच सांगितलं. काकांनी आठ दिवसांत बैलजोडी विकली, उपचाराला पैसा लागेल म्हणून. दीड महिन्याने नळी निघाल्यावर, जंतुसंसर्ग बरा झाल्यावर पुन्हा रक्त दिलं, तेव्हा आकडा चारच्या खाली. बैल मात्र परत आले नाहीत. मी तेव्हा नोकरीत नवीन होतो आणि मलाही हे माहीत नव्हतं, याचं दुःख अजून आहे.

पीएसए हे ग्रंथीत तयार होणारं प्रथिन आहे. ग्रंथीला सूज आली, धक्का लागला, की ते रक्तात जास्त उतरतं. म्हणून खालच्या वेळी तपासणी करू नका:

- लघवीत जंतुसंसर्ग, जळजळ, ताप असताना. औषध संपल्यावर सहा ते आठ आठवडे थांबा.
- लघवीची नळी लावलेली असताना, किंवा नुकतीच काढली असताना. तिथेही साधारण सहा आठवडे.
- लघवीच्या मार्गातून दुर्बिणीची तपासणी किंवा ग्रंथीचा तुकडा काढल्यावर (डॉक्टर याला बायोप्सी म्हणतात) सहा आठवड्यांच्या आत.
- तपासणीच्या आधीचे दोन दिवस सायकल चालवणं, अंगमेहनतीचं फार जड काम आणि वीर्यस्खलन टाळा. डॉक्टर हे लाजून सांगत नाहीत, तुम्ही लाजून विचारत नाही, आणि आकडा उगाच वर जातो.

वर्षाचा काळही निवडा. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे कुणाला वेळ नसतो, वेचणी पुढे जानेवारीपर्यंत चालते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, पाणी कमी पडतं, लघवीची जळजळ घरोघरी. त्यामुळे तूर घरात आली, हरभरा निघाला की, म्हणजे फेब्रुवारी ते मार्च, हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात मळणी आटोपल्यावर जानेवारीपासूनच. यात आणखी एक सोय आहे. पहिला आकडा वाढला तर पुन्हा तपासणी, एमआरआय, तुकडा असं करत दोन-अडीच महिने जातात. फेब्रुवारीत सुरू केलं तर मृगाच्या आत सगळं हाती येतं. जूनमध्ये सुरू केलेली तपासणी पेरणीत अडकते आणि दिवाळीपर्यंत कुणी तिचं नाव काढत नाही.

तपासून घ्या: गेल्या दोन महिन्यांत ताप, लघवीची जळजळ, नळी किंवा दुर्बीण यांपैकी काही झालंय का? झालं असेल तर तारीख पुढे ढकला.

## पायरी ४: पिशवी भरा

एकच जाड प्लास्टिकची पिशवी या कामासाठी ठेवा. त्यात:

आधार कार्ड आणि रेशन कार्ड, दोन्हीच्या झेरॉक्ससह. दोन्हींवरचं नाव आणि वय जुळतं का ते घरीच बघा. पुढे योजनेत नाव बसवताना तिथेच माणसं अडकतात.

जुने सगळे रिपोर्ट. पाच वर्षांपूर्वीच्या शिबिरातला असला तरी. सोनोग्राफीचे चकचकीत फोटो आणि काही लॅबच्या चिठ्ठ्या उन्हाने काळ्या पडतात, अक्षरं उडतात. त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मुलाच्या मोबाइलवरही पाठवा.

चालू औषधांच्या पट्ट्या. नाव आठवून सांगू नका, पट्टीच घेऊन जा. यात दोन औषधं फार महत्त्वाची आहेत: फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. ग्रंथी आक्रसावी म्हणून ती देतात, केस गळू नयेत म्हणूनही काहीजण फिनास्टेराइड घेतात. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर ही औषधं पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर आणतात. म्हणजे रिपोर्टवर ३ असेल तर खरा आकडा ६ च्या आसपास धरावा लागतो. डॉक्टरांना औषधच माहीत नसेल तर ते तुम्हाला "ठीक आहे" म्हणून परत पाठवतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचीही पट्टी, पुढे तुकडा काढायची वेळ आली तर ती लागेल.

आणि लघवीची नोंद. आर्णी तालुक्यातल्या एका घरी मी गेलो होतो. म्हाताऱ्या बाबांना विचारलं, रात्री किती वेळा उठता? ते म्हणाले, दोनदा. आत चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, "दोनदा नाई बाप्पा, राती पाच खेपा होतात याइच्या." आणि तिने दाराचं फळकट ओढून मागची भिंत दाखवली. कोळशाच्या रेघा होत्या, प्रत्येक रात्रीची वेगळी ओळ. बाबा उठले की ती एक रेघ ओढायची. अकरा रात्रींचा हिशोब. त्या भिंतीचा फोटो आम्ही डॉक्टरांना दाखवला, त्यांना आणखी काही विचारावं लागलं नाही. तुम्ही वहीत लिहा: रात्री किती वेळा, धार बारीक की तुटक, जोर द्यावा लागतो का, लघवी झाल्यावर शिल्लक वाटते का, रक्त कधी दिसलं का. आठवडाभराचं पुरे. आणि शक्यतो घरच्या बाईला सोबत न्या, पुरुष स्वतःचा त्रास निम्माच सांगतो.

## पायरी ५: कुठे जायचं

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सरळ सांगा, "माझं वय ५४, पीएसए करायची आहे." तिथे सोय नसेल तर चिठ्ठी मागा, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयासाठी. खासगी लॅबमध्ये ही तपासणी काही शे रुपयांत होते. लॅब गावातून रक्त गोळा करून शहरात पाठवत असेल तर नमुना त्याच दिवशी पोहोचतो का ते विचारा, उन्हाळ्यात तर हमखास विचारा. जमलं तर लॅबमध्येच जाऊन द्या.

पुढच्या टप्प्यांसाठी युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्ररोगाचे सर्जन लागतात. वर्धा, यवतमाळकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय जवळ. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे "मेडिकल" म्हणतात, मिहानचं एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. मेळघाटातल्या माणसाला अमरावती आधी. कोणतं मोठं यापेक्षा कुठे तुम्ही पाच-सहा वेळा न थकता जाऊ शकता, हे पाहून निवडा. एसटी थेट आहे का, रात्री राहायला नातेवाईक आहेत का? ६५ ते ७५ वयाला एसटीत अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर मोफत, आधार जवळ ठेवा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ७० वर्षांवरच्यांचं वेगळं वय वंदना कार्ड निघतं. पण या योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारासाठी आहेत. बाहेरच्या लॅबच्या पीएसएचे पैसे त्यातून निघतील असं धरून चालू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पहिल्याच दिवशी त्याला भेटून कागद दाखवा. भरतीच्या दिवशी धावपळ करू नका.

## पायरी ६: रक्त, मग बोटाची तपासणी

रक्त द्यायला उपाशी राहायची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ कधीही चालतं. डॉक्टर त्याच दिवशी बोटाने तपासणार असतील तर आधी रक्त, मग तपासणी, हा क्रम सांगून ठेवा.

आता बोटाची तपासणी. तिच्या नावानेच माणसं ओपीडीतून उठून जातात, म्हणून काय होतं ते आधीच सांगतो. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे. डॉक्टर हातमोजा घालून, जेली लावून गुदद्वारातून एक बोट आत घालतात आणि ग्रंथीचा मागचा भाग चाचपून बघतात. कडक गाठ, खडबडीतपणा हाताला लागतो का ते पाहतात. मिनिटभराचं काम. अवघडल्यासारखं वाटतं, पण सहसा दुखत नाही. श्वास सोडत अंग सैल ठेवलं की सोपं जातं. सगळीकडे ही तपासणी करतातच असं नाही, आणि नुसती हीच करून पीएसए टाळणंही बरोबर नाही. काही कॅन्सर बोटाला लागतात आणि आकडा साधा असतो, काहींचं उलट.

चूक: पोटाच्या सोनोग्राफीवर भरवसा ठेवणं. मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार दिसतो, लघवी किती शिल्लक राहते ते कळतं. सुरुवातीचा कॅन्सर तिच्यात सहसा दिसत नाही. "प्रोस्टेट वाढलंय" लिहिलं म्हणजे कॅन्सर असंही नाही, आणि "नॉर्मल" लिहिलं म्हणजे सुटलो असंही नाही.

## पायरी ७: आकडा वाचायचा कसा

लॅबच्या कागदावर बहुतेक वेळा सगळ्यांसाठी ४ हीच मर्यादा छापलेली असते (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर). वयाप्रमाणे ती बदलते. ढोबळमानाने चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५ पर्यंत चालतं. म्हणजे ५२ वर्षांच्या माणसाचा ३.८ आला तर कागदावर तो "नॉर्मल" दिसेल, लाल खूण येणार नाही, पण डॉक्टरांना दाखवायला हवा. कागदावर लाल खूण आहे की नाही एवढंच पाहून रिपोर्ट घडी घालू नका.

४ ते १० च्या मधल्या आकड्यात साधारण चारांतल्या एकाला कॅन्सर निघतो. तिघांना नसतो. १० च्या वर गेला तर शक्यता निम्म्याहून जास्त. आणि ४ च्या खाली म्हणजे शंभर टक्के नाहीच, असंही कुणी सांगू शकत नाही.

ग्रंथी मोठी असेल तर आकडाही थोडा मोठा येणारच. सोनोग्राफीत आकार ६० मिली आणि पीएसए ६ असेल तर पीएसएला आकाराने भागून ०.१ येतं. आकार ३० आणि पीएसए ६ असेल तर ०.२. हा भागाकार ०.१५ च्या वर गेला तर डॉक्टर जास्त काळजीने बघतात. म्हणून सोनोग्राफीचा कागद टाकून देऊ नका, दोन्ही एकत्र दाखवा.

पन्नाशीत आकडा एकच्या खाली असेल तर दर वर्षी धावायची गरज नाही, दोन ते चार वर्षांनी पुन्हा करा. त्याच्या वर असेल तर कधी करायची ते डॉक्टर सांगतील. शक्यतो तीच लॅब धरा, लॅब बदलली की आकड्यात थोडा फरक पडतो.

## पायरी ८: आकडा वाढला तर आधी पुन्हा तपासा

एका वाढलेल्या आकड्यावर थेट तुकडा काढायला जायचं नाही आणि घरीही बसायचं नाही. काही आठवड्यांनी, वरच्या सगळ्या अटी पाळून, पुन्हा पीएसए. अनेकांचा आकडा आपोआप खाली येतो. मात्र आकडा फारच मोठा असेल किंवा बोटाला गाठ लागली असेल तर थांबू नका.

इथे एक चुकीची सवय आहे. लघवीत जंतुसंसर्ग नसताना "आकडा उतरवायला" अँटिबायोटिकचा कोर्स घ्यायचा. त्याने कॅन्सर कळत नाही, वेळ मात्र जातो. औषधाच्या दुकानातून जडीबुटीची बाटली आणून तीन महिने पिणं हेही तेच.

दुसऱ्यांदाही वाढलेला आला तर एमआरआय. तो शक्य असेल तर तुकड्याच्या आधीच करावा, कारण मग संशयास्पद जागा पाहून तिथूनच तुकडा घेता येतो. रिपोर्टमध्ये पायरॅड्स नावाचा १ ते ५ असा अंक असतो. १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे जास्त. पेसमेकर, शरीरात धातूची पट्टी, किडनीचा त्रास यांतलं काही असेल तर तपासणीच्या आधी सांगा.

## पायरी ९: तुकडा काढणं

"गाठीला लोखंड लागलं की कॅन्सर उधळतो," असं चावडीवर ऐकून दोन माणसं माझ्यासमोर तारीख मोडून परत गेली. प्रोस्टेटचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरेल या भीतीने तुकडा टाळणं चूक आहे. तुकड्याशिवाय कॅन्सर आहे की नाही आणि कोणत्या जातीचा, हे नक्की कळत नाही.

तयारी: रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारा, स्वतःहून बंद करू नका, हृदयाला धोका होतो. साखर आटोक्यात हवी. लघवीत संसर्ग नाही ना, ते तपासून घ्या. सांगितलेली अँटिबायोटिक वेळेवर घ्या. जागा बधिर करून सुईने साधारण बारा बारीक तुकडे घेतात, भूल सहसा त्या जागेपुरतीच. नंतर काही दिवस लघवीतून, शौचातून थोडं रक्त जातं, आणि वीर्यात तर काही आठवडे तांबूसपणा राहू शकतो. घाबरू नका. आठवडाभर सायकल आणि ट्रॅक्टर नको.

सावधान: तुकडा काढल्यावर थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर त्याच रात्री दवाखाना गाठा, सकाळची वाट नको. गाव लांब असेल तर दोन दिवस शहरातच नातेवाइकांकडे राहा. अहेरी-भामरागडच्या माणसाला तापात रात्री निघून नागपूर गाठणं किती अवघड आहे, ते मी वेगळं सांगायला नको.

## पायरी १०: रिपोर्ट हाती आल्यावर

तुकड्याच्या रिपोर्टमध्ये ग्लीसन नावाचा आकडा शोधा. ६ असेल (३+३) तर आजार सौम्य. अनेकदा लगेच ऑपरेशन लागत नाही, ठरावीक महिन्यांनी पीएसए, गरजेनुसार एमआरआय आणि पुन्हा तुकडा घेऊन नजर ठेवतात. ही नजर ठेवणं म्हणजे सोडून देणं नव्हे, एकही तारीख चुकवता येत नाही. ७ असेल तर उपचाराचा विचार, ८ ते १० म्हणजे आजार जोरात. ऑपरेशन, रेडिएशन, हार्मोनची इंजेक्शनं, यांतलं काय हे वय, तब्येत आणि आजार किती पसरलाय ते पाहून ठरतं. ठरवण्याआधी दोन प्रश्न नक्की विचारा: नजर ठेवून चालेल का? लघवीवर आणि वैवाहिक आयुष्यावर काय परिणाम होईल? नवऱ्याला विचारवत नसेल तर बायकोने विचारावं.

तपासणीचं वेळापत्रक कुठल्याही पायरीवर असो, पुढचं काही दिसलं तर ते बाजूला ठेवून लगेच निघा: लघवीतून रक्त, लघवी पूर्ण बंद, कंबर-मांडीच्या हाडात रात्री न थांबणारं दुखणं, पायात बधिरपणा किंवा अचानक ताकद कमी होणं. शेवटचं लक्षण मणक्यावर दाब आल्याचं असू शकतं आणि त्यात तास मोजावे लागतात. १०८ ला फोन करा, तेल चोळायला कुणाला बोलावू नका.

तुकड्यात काही निघालं नाही तरी काम संपत नाही, पुढची पीएसए कधी ते लिहूनच उठा. कॅन्सर निघाला तर सख्ख्या भावांना आणि मुलांना त्याच आठवड्यात सांगा, त्यांची पहिली तपासणी आता ४५ ला. भिंतीवरचं कॅलेंडर दरवर्षी उतरतं, म्हणून तारीख पिशवीतल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा: महिना, वर्ष, मागचा आकडा, लॅबचं नाव, आणि त्या दिवशी सोबत कोण येणार ते.